थोराड पावलं

पायावर अंगठा दाबला की खड्डा पडतो आणि तो भरून यायला वेळ लागतो, अशा माणसांसाठी मी हे लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचलं तर वाचावं, पण वाचून मला फोन करू नये. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असताना मला जेवढे सल्ले मिळाले, तेवढे पुढच्या सात जन्मांना पुरतील.

मी शैला. राहायला रत्नागिरीत मांडवीला, आणि रामआळीत माझं चपलांचं दुकान आहे. माणसाच्या तोंडाआधी मी त्याचे पाय बघते. गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत त्याचा नंबर मला कळलेला असतो. पाच नंबर मागणाऱ्या बाईला सहा लागतो हे मी तोंडावर सांगते, आणि ती फुगली तर समोर दुसरं दुकान आहे हेही सांगते. माझा स्वभाव गोड नाही. आजारपणाने माणूस शांत होतो, समजूतदार होतो, असलं काही वाचायला आला असाल, तर तुम्ही चुकीच्या दुकानात शिरलात.

तोंडापासून सुरुवात

शिमग्याच्या सुमारास माझ्या तोंडात फोड आले. सगळे म्हणाले, उष्णता. मी गुलकंद खाल्ला, सब्जा प्यायले, कोकमाचं सरबत प्यायले. फोड फुटायचे, त्यांच्या जागी जखमा व्हायच्या आणि त्या बऱ्या व्हायच्या नाहीत. आमटीचा घास तोंडात घेतला की डोक्यात कळ जायची. दातांच्या डॉक्टरने दात चांगले आहेत असं सांगितलं. ते मलाही ठाऊक होतं.

मग पाठीवर फोड उठले. एक दिवस ब्लाऊज काढताना पाठीची कातडी ब्लाऊजबरोबर आली. मी ओरडले, आणि माझा नवरा विनायक हातातला पेपर टाकून धावत आला. त्याने पाठ बघितली आणि तो खालीच बसला. तेव्हा मी पहिल्यांदा भ्यायले.

इथल्या त्वचेच्या डॉक्टरांनी कोल्हापूरला पाठवलं. तिथे कातडीचा तुकडा काढून तपासला आणि चार दिवसांनी मला नाव सांगितलं, पेम्फिगस. डॉक्टरीण माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असेल.

मी विचारलं, "कॅन्सर?"

"नाही."

"दुसऱ्याला लागतो?"

"नाही."

"मग आहे तरी काय?"

ती म्हणाली, "तुमच्या शरीराने तुमच्याच कातडीशी भांडण काढलंय."

विनायक इतका घाबरलेला होता की त्याच्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे स्वभावावर गेलं." डॉक्टरीण हसली. मी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

तिथे आठ दिवस काढले. पहाटे वजन, मग साखर बघायला बोटाला टोचणं, मग गोळ्या, मग दिवसभर छताकडे बघत पडणं. पाठीला चादर चिकटायची आणि कूस बदलली की मी किंचाळायचे. तिथल्या एका आयाबाईने कुठून तरी केळीची पानं आणली, पुसून अंथरली आणि मला त्यांच्यावर झोपवलं. नैवेद्य मांडतात तशी मी त्या पानांवर पडून राहिले आणि कितीतरी दिवसांनी मला झोप लागली. त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं, याची मला लाज वाटते.

निघताना डॉक्टरीण म्हणाली, गोळ्यांचा गुण येईल, पण त्या पुष्कळ दिवस घ्याव्या लागतील आणि त्या त्रासही देतील. "काही झालं तरी आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत," हे तिने दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा मान हलवली.

पाय

गोळ्यांचा गुण आला. नवे फोड थांबले, तोंड भरून आलं. आणि बाकीची मी बिघडले. तोंड वाटोळं झालं, भूक खवळली, राग तर आधीच होता त्यात भर पडली. आणि पाय सुजले.

सकाळी उठताना ते पाय असायचे. दुपारपर्यंत घोटे दिसेनासे व्हायचे, आणि संध्याकाळी गुडघ्यापासून खाली सरळसोट दोन खांब. कातडी ताणून चकचकीत. जड तर इतके, की जिना चढताना एकेक पाय हाताने उचलून ठेवावासा वाटायचा. माझा नंबर सात. बायकांत हा नंबर मोठाच, कारखानदार कमीच काढतात. सातची चप्पल जाईना म्हणून मी आठची घातली. आठचीही जाईना तेव्हा कपाटातून पुरुषांची नऊ नंबरची रबरी चप्पल काढली आणि ती पायात अडकवून चपलांच्याच दुकानात बसले. एक गिऱ्हाईक माझ्या पायांकडे बघून म्हणालं, "हीच दाखवा." मी त्याला बाहेर काढलं.

कोल्हापूरला फोन केला. डॉक्टरीण म्हणाली, या गोळ्या अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवतात. मीठ तोडा, पाय उंचावर ठेवा, रोज वजन लिहा. एकच पाय सुजला, दुखला, लाल झाला किंवा दम लागला, तर फोन करत बसू नका, तडक दवाखाना गाठा. विनायकच्या मोबाईलवर पथ्याचा कागद आला: लोणचं, पापड, सुकी मासळी, फरसाण, बेकरीचे पदार्थ बंद.

दुकान बंद ठेवून मी घरी बसले, आणि समाचाराला येणाऱ्यांची रांग लागली. शेजारच्या कुंदाकाकू पहिल्या. आल्या, माझं तोंडही बघितलं नाही, थेट नडगीवर अंगठा रोवला.

"अगो, खड्डा बघ केवढा पडला! मूठभर तांदूळ र्‍हातील यात."

"काकू, दुखतं."

"दुखणारच. आमच्या मालगुंडच्या आत्येचं अगदी असंच झालेलं."

"मग?"

"गेली ती."

जो येईल तो अंगठा रोवायचा. परवानगी कोणी विचारली नाही. आंबा पिकलाय का बघताना तरी माणूस हलक्या हाताने दाबतो. एक जण म्हणाला, स्टिरॉइड तर पैलवान घेतात, तुम्ही कशाला? दुसरी म्हणाली, पाला बांध. आणि जाताना सगळ्यांचं शेवटचं वाक्य एकच. "जल्लं मेलं ते औषध, सोडून दे ना गो."

मी सोडलं नाही, तेव्हा तरी. पण प्रत्येक अंगठ्यागणिक मला त्या गोळ्यांचा जास्त राग यायला लागला.

वन्सं

विनायकने मला न विचारता चिपळूणला फोन केला आणि माझ्या नणंदेला बोलावून घेतलं.

वन्सं विनायकपेक्षा सात वर्षांनी मोठ्या. एकट्याच असतात. आमचं वैर लग्नाच्याही आधीचं. मला बघायला आले तेव्हा मी पोह्यांच्या बशा ठेवून आत वळले, आणि मागून वन्संचा आवाज आला, "मुलगी बरी आहे. पावलं तेवढी थोराड आहेत." सव्वीस वर्षं झाली, ते वाक्य माझ्या कानातून गेलेलं नाही. वन्संच्या हातचं काहीही कधी चांगलं झालंय असं मी म्हटलं नाही. त्यांनी दिलेली साडी नेसले नाही. भांडलेही नाही. वन्सं, बसा. वन्सं, चहा घ्या. इतक्या मानाने कोणी कोणाचा द्वेष केला नसेल.

त्या आल्या त्या एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेली चिनी मातीची बरणी घेऊन. लोडावर ठेवलेल्या माझ्या पायांकडे त्यांनी बघितलं. मी वाट बघत होते. त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि ते मला जास्त झोंबलं.

मग म्हणाल्या, "पाय असे दाराकडे नकोत. मोठी माणसं येतात, त्यांना आधी तळवे दिसतात."

"पाय माझे आहेत, वन्सं. आणि दारही."

वन्संनी पदर खोचला. एकटीने ढकलत ढकलत खाट फिरवली. मी खाटेवरच होते, उतरले नाही.

स्वयंपाकघराचा त्यांनी ताबा घेतला. पथ्याचा कागद विनायककडून वहीत उतरवून घेतला. लोणच्याची बरणी आणि पापडाचा डबा माळ्यावर टाकला. माझ्यासाठी वेगळं पातेलं, वेगळा डाव. त्यांची बिनमिठाची भाजी म्हणजे नुसता ओला पाला. मी दोन घास खाऊन ताट सरकवायचे आणि म्हणायचे, "वन्सं, हे गुरांना घाला."

दुपारी पेज असायची, तीही अळणी. पण पेजेबरोबर त्या बरणीतली कैरी असायची, खारातली.

आमच्याकडच्या माणसाला हे सांगायला नको, पण घाटावरच्यांसाठी सांगते. उन्हाळ्यात रायवळ आंब्याच्या कैऱ्या अख्ख्याच्या अख्ख्या मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. त्या पाण्याला खार म्हणतात. पावसाळ्यात कैरी बाहेर काढायची आणि पेजेबरोबर खायची. ताप आला, पोट बिघडलं, बाळंतपण झालं, काहीही होवो, आजाऱ्याला पेज आणि खारातली कैरी. त्यात तेल नाही, मसाला नाही. तिला आमच्यात कोणी लोणचं म्हणत नाही. तिला पदार्थातच धरत नाहीत.

वन्संनी पहिल्या दिवशी ताटलीच्या कडेला एक फोड ठेवली. कितीतरी महिन्यांनी माझ्या तोंडाला चव आली. जीभ झोंबली नाही, हिरड्या जळल्या नाहीत, नुसतं आंबट आणि खारट आणि मऊ. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून मी म्हटलं, "जरा मऊच पडल्यात या वेळी."

"असेल," वन्सं म्हणाल्या.

त्या रोज एकच फोड देत. संध्याकाळी त्या भैरीच्या देवळात गेल्या की मी ते खांब ओढत स्वयंपाकघरात जायचे, बरणीतून अख्खी कैरी काढायचे आणि उभ्याने खायचे. कधी दोन. वर वाटीभर खार प्यायचे. बाठे खिडकीतून जास्वंदीच्या मागे फेकायचे. मग परत लोडावर पाय टाकून आजारी पडायचे.

आळ

पाय उतरेनात, उलट सूज मांडीकडे सरकायला लागली. वजन रोज वर. डॉक्टरीण फोनवर विचारायची, "मीठ?" मी सांगायचे, "कणभर नाही." मी खोटं बोलत नव्हते. माझ्या लेखी ते खरंच होतं.

मग मीठ जातंय कुठून? रागीट माणसाला पुरावा लागत नाही. एका सकाळी कुंदाकाकू बसल्या होत्या, विनायक दाढी करत होता, वन्सं माझ्या भाजीचं पातेलं घेऊन बाहेर आल्या. मी म्हटलं, "वन्सं, माझ्या जेवणात मीठ घालता ना तुम्ही?"

"मी?"

"मग पाय का उतरत नाहीत? तुम्हाला ते थोराडच बघायचेत. सव्वीस वर्षांनी तुमचं खरं झालं."

वन्संनी पातेलं टेबलावर ठेवलं. त्यांना आधी कळलंच नाही मी कशाबद्दल बोलते आहे. मग कळलं. त्यांचं तोंड उतरलं. "ते तू ऐकलं होतंस?" एवढंच त्या म्हणाल्या. कुंदाकाकूंचे डोळे चकाकत होते, कारण दुपारपर्यंत ही बातमी अख्ख्या मांडवीला पुरवायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने वन्सं चिपळूणला गेल्या. जाताना विनायकला म्हणाल्या, "बरणी राहू दे इथेच. तिच्यासाठीच भरली होती."

चार दिवस

आता पुढचं नीट वाचा, कारण याच्यासाठी मी हे लिहायला बसले.

वन्सं गेल्या तरी पाय उतरले नाहीत. मग माझा राग गोळ्यांवर गेला. मी ठरवलं, बस. विनायक पाण्याचा पेला घेऊन यायचा. मी गोळ्या हातात घ्यायचे, तो वळला की उशीखाली सरकवायचे. दोन दिवस काही झालं नाही आणि मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. तिसऱ्या दिवशी हातापायांतली ताकदच गेली. कपात साखर ढवळताना चमचा जड झाला. चौथ्या दिवशी सकाळी उलट्या सुरू झाल्या आणि न्हाणीघराच्या दारात मी कोसळले.

शुद्ध आली तेव्हा रत्नागिरीतल्याच एका दवाखान्यात होते, हाताला सलाईन, आणि तोंडात दोन नवे फोड. रक्तदाब तळाला गेला होता. तिथल्या डॉक्टरांनी मला जे सुनावलं ते मी गिऱ्हाइकांनाही कधी सुनावलेलं नाही. बाहेरून या गोळ्या मिळायला लागल्या की शरीर तसलं द्रव्य स्वतः बनवायचं बंद करतं. एकदम थांबवल्या तर हाती काहीच राहत नाही. त्या कमी करायच्या तर डॉक्टरनेच, एकेक पायरी उतरत. "आणखी एक दिवस गेला असता तर तुमच्या मिस्टरांशी बोलत बसलो असतो," ते म्हणाले. मी मरता मरता राहिले होते, आणि तेही चिडून.

गोळ्या परत सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी एक सिस्टर वही घेऊन आली. राजापूरकडची, माझ्या भाचीच्या वयाची.

"मावशी, घरी जेवता काय?"

"पेज. भाजी."

"मीठ?"

"नाही सांगितलं ना."

"बरं. नि पेजेवांगडा काय खाता?"

कोल्हापुरात हे मला कोणी विचारलं नव्हतं. तिथे पेजेबरोबर काही लागतं हे ठाऊक तरी कोणाला? "काय खाणार? खारातली कैरी."

सिस्टरचं पेन थांबलं. "किती?"

विनायक मध्येच म्हणाला, "रोज एक फोड. माझी बहीण द्यायची."

मी खिडकीकडे बघितलं. मग म्हटलं, "बरणी संपली."

"कवा भरलेली?"

"आणली तेव्हा गळ्यापर्यंत होती. तीन आठवडे झाले."

सिस्टर हसायला लागली आणि माझं तोंड बघून थांबली. "मावशी, एवढा खार पोटात गेला तर पाय नाय सुजायचे तर काय व्हायचं? ता मीठच ना?"

मी चोपन्न वर्षांची बाई. दरवर्षी मे महिन्यात माझ्या डोळ्यांदेखत घरोघरी पसापसाने मीठ बरण्यांत पडतं. आणि हे मला त्या पोरीकडून कळावं.

सिस्टर गेल्यावर विनायक खुर्चीतून उठला. मग त्याने लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला. "ताई काय जेवायची ते तू कधी बघितलंस? तुझ्याच पातेल्यातलं अळणी जेवायची ती. तिला पथ्य नाही, काही नाही. मी विचारलं तर म्हणाली, एकटीला अळणी खाताना घास उतरत नाही."

जिंकलेली बाजू

आता मनातलं खरं सांगते. मला आधी आनंद झाला. मीठ वन्संमुळेच जात होतं! बरणी त्यांची, कैरी त्यांची. मी चारचौघांत बोलले ते खरंच ठरलं होतं. पुढचे दोन दिवस मी पडल्या पडल्या वाक्यं जुळवली. "मी म्हटलं नव्हतं?" असं सुरू करायचं की आणखी गोड काही, याचा विचार केला. जुळवताना मजा आली.

पण प्रत्येक वेळी वाक्य पुरं होत आलं की मला ते जास्वंदीमागचे बाठे दिसायचे. ते काही वन्संनी फेकले नव्हते.

घरी आल्यावर विनायक म्हणाला, "ताईला मी सांगतो सगळं." मी म्हटलं, "फोन इकडे दे."

"कोण?"

"मी शैला."

"काय बोलायचं राहिलं आता?"

"मीठ कैरीतून जात होतं, वन्सं. खारातून."

मला वाटलं फोन तुटला. मग अगदी बारीक आवाज आला, "माझ्या कैरीतून? म्हणजे मीच गो तुझे पाय..."

सव्वीस वर्षं मी त्या आवाजाची वाट बघितली होती. ऐकला आणि मला बरं वाटलं नाही.

"तुम्ही एक फोड देत होतात. तेवढ्याने एवढं झालं नसतं. बाकीची बरणी मी खाल्ली. तुम्ही देवळात गेलात की."

"चोरून?"

"हो."

"मागितली असतीस तर मी नाही म्हटलं असतं का?"

"नसतं म्हटलं."

"मग?"

"मागायला लागलं असतं."

वन्सं म्हणाल्या, "मऊ पडलीय म्हणालीस ना?"

"चांगली झाली होती. फार चांगली." मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "माझं चुकलं, वन्सं."

"ते मला काय सांगतेस? आळ चारचौघांत घेतलास, चारचौघांतच उतरव. त्या कुंदेला बोलावून ठेव. मी उद्याच्या गाडीने येते."

मी कुंदाकाकूंना बोलावलं. वन्संच्या समोर, विनायकच्या समोर सांगितलं, की मीठ वन्संनी घातलं नव्हतं, मीच बरणी चोरून खाल्ली. स्टिरॉइडची गोळी जिभेवर विरघळली तर कडू लागते, पण त्या वाक्यापुढे ती साखर. कुंदाकाकू म्हणाल्या, "खारातल्या कैरीनं कधी कोणाला काय झालंय?" आणि उठून गेल्या. वन्सं मागच्या दारी गेल्या, जास्वंदीखाली वाकून बघितलं आणि तिथूनच ओरडल्या, "अगो शैला, एवढे बाठे! तुझ्या पोटात जागा तरी होती?"

आता

पाय लगेच उतरले नाहीत. डॉक्टरांनी थोडे दिवस पाणी उतरायची गोळी दिली. ती त्यांनी द्यायची असते, शेजारणीची आणून घ्यायची नसते. घट्ट मोजे दिले, तेही त्यांना विचारूनच घालायचे. स्टिरॉइडची गोळी एकेक पायरीने खाली येते आहे. तोंडाचा वाटोळेपणा थोडा आहे, राग आहे तसाच आहे.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच. डॉक्टरला "मीठ नाही" असं सांगू नका. सकाळपासून तोंडात काय काय गेलं ते आपल्या घरच्या नावांनी सांगा, फोडीसकट, चोरीसकट. तो हसला तर हसू दे. गोळीवर राग आला तर भिंतीवर डोकं आपटा, पण गोळी गिळा. आणि समाचाराला गेलात तर दुसऱ्याच्या पायावर अंगठा रोवू नका.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी मी लोडावर पाय टाकून पडले होते. खाट अजून वन्संनी फिरवली तशीच आहे. बघते तर उजव्या घोट्याचं हाड वर आलेलं. मग डावीकडेही दिसलं. वन्सं खाली बसून कोकमं निवडत होत्या.

"वन्सं, जरा इकडे या."

"काय हवंय?"

"पाय दाबून बघा."

"मी?" त्यांनी सुपावरचे हात उचलले. "मोठी आहे मी तुझ्याहून. तुझ्या पायाला हात लावू?"

"लावा. दुसऱ्या कोणाला मी लावू देत नाही."

त्यांनी हात पदराला पुसले, खाटेच्या कडेवर बसल्या आणि नडगीवर अंगठा ठेवला. हलकेच दाबला, उचलला, आणि आम्ही दोघी वाकून बघत राहिलो. थोडासा खड्डा पडला आणि बघता बघता भरून आला. त्यांनी घोटा चाचपला, मग पाऊल हातात धरून उलटसुलट बघितलं.

"उतरली गो सूज," त्या म्हणाल्या. पाऊल परत लोडावर ठेवलं. "पण पावलं थोराडच आहेत हो तुझी."

"सात नंबर," मी म्हटलं. "पहिल्यापासून."